आवाज गेला नाही, अडला आहे

लिनक्सवर ब्राउझर बोलतो आणि व्हिडिओ प्लेअर मुका, असं झालं की ‘लिनक्स काढा, विंडोज टाका’ हा सल्ला विरारमध्ये फुकट मिळतो. मला तो पटत नाही. एक प्रोग्राम ऐकू येतोय, म्हणजे स्पीकर आणि साउंड कार्ड ठीक आहेत. अडचण त्या एकाच प्रोग्रामच्या वाटेत आहे.

मुका प्रोग्राम चालू ठेवून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडा. ‘प्लेबॅक’मध्ये प्रत्येक प्रोग्रामची वेगळी ओळ दिसते. बऱ्याचदा तो तिथे म्यूट असतो, किंवा त्याचा आवाज एचडीएमआयकडे गेलेला असतो. सिस्टीम ही निवड लक्षात ठेवते. म्हणून रीस्टार्ट करूनही फरक पडत नाही. ओळच दिसत नसेल, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘डिफॉल्ट’ करून पाहा. २०२२ च्या उबुंटू २२.१० पासून मागे पाइपवायर असतं, तरी हे साधन चालतं.

उर्दूच्या वर्गात ही गोष्ट किरकोळ नाही. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. हा फरक मुलं कानानेच शिकतात. आयआयटी मुंबईची मराठी स्पोकन ट्युटोरियलंही आवाजाशिवाय अर्धवटच. जुन्या कॉम्प्युटरवर लायसन्सचे पैसे न भरता चालणारी सिस्टीम पुसण्याआधी ती एक ओळ तरी बघा.