नळाला मोटर, मॉडेलला उणे दाब

सांगलीच्या विश्रामबागेत पाणी यायच्या वेळेला कान दिला, तर नळाआधी मोटर ऐकू येते. एका घरात बटण दाबले जाते, शेजारच्या नळाची धार बारीक होते आणि थोड्याच वेळात तिथलीही मोटर सुरू होते. सांगली-मिरजेत काय, साताऱ्याच्या पेठांत काय, पाणीपुरवठ्याच्या व्यवसायातल्या कोणालाच यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते वितरण व्यवस्थेच्या मॉडेलचे. त्यात ही मोटर कुठेच नसते.

प्रकल्प अहवालातले मॉडेल माणशी रोज १३५ लिटर धरते, लोकसंख्येने गुणते, शिखर गुणांक लावते आणि तेवढे पाणी प्रत्येक नोडमधून जाणारच असे मानून दाब काढते. लाइनला ते झेपत नसेल, तर उत्तर उणे आठ मीटर असेही येते. मग दोन पाइपांचा व्यास वाढवून आकडा सरळ केला जातो.

आता साधा हिशेब. केंद्राच्या १९९९ च्या मॅन्युअलमध्ये पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीसाठी शिखर गुणांक ३ आहे. पण दिवसभराचे पाणी दोन तासांत सोडले, की सरासरी प्रवाहच बारापट होतो. तिपटीसाठी आखलेल्या लाइनमधून त्याच्या चौपट पाणी न्यायचे, तर हेझन-विल्यम्सच्या १.८५ घातांकाने घर्षणात जाणारा हेड सुमारे तेरापट होतो. एवढा हेड आणायचा कोणत्या टाकीतून? म्हणून टाकीजवळचे हौद भरून वाहतात आणि शेवटच्या गल्लीत हंडाही भरत नाही.

मागणी दाबावर अवलंबून असते, हे गणितात मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत नागपूरचे प्रा. पी. आर. भावे होते. विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना त्यांनी १९८१ मध्ये नोड-प्रवाह विश्लेषण मांडले. वॅग्नर, शमीर आणि मार्क्स यांचे सूत्र १९८८ चे. किमान आणि पुरेशा दाबाच्या मधल्या टप्प्यात ते वर्गमुळाच्या प्रमाणात पाणी देते. मूळ एपानेट सॉफ्टवेअरमध्ये दाबावर अवलंबून मागणीची सोय यायला २०२० ची २.२ आवृत्ती उजाडावी लागली. आता ती फुकट आहे, एका पर्यायावर आहे, तरीही अहवाल जुन्याच सवयीने निघतात.

अर्थात नुसता पर्याय बदलून भागणार नाही. वॅग्नरच्या सूत्रात पुरेसा दाब मिळाला की ग्राहक ठरलेल्या मागणीवर थांबतो. आपल्याकडे जमिनीखालच्या हौदात उघडा पाइप सोडलेला असतो. त्याला सात मीटर दाबाचीही गरज नसते आणि हौद भरेपर्यंत तो थांबत नाही. अशा नोडला मागणीचा तासवार तक्ता देणे व्यर्थ आहे. तिथे हौदाचे घनफळ, जोडणीचा व्यास आणि बॉल कॉक आहे की नाही, एवढे तरी मॉडेलला सांगावे लागते. नळाला मोटर असेल तर तिचे ओढणेही. त्या ओढीने लाइनमध्ये खरोखरच उणा दाब तयार होतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत येते.

चोवीस तास पाण्याची गोष्ट निराळी. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून आणि वापराप्रमाणे चढता दर लावून ते करून दाखवले. तिथे हौद भरण्याची घाई उरत नाही, पण नळ उघडण्या-मिटण्याचे छोटे ठोके उरतात. बुखबर्गर आणि वू यांनी १९९५ मध्ये घरगुती वापर अशाच यादृच्छिक ठोक्यांत मांडला. पाच हजार घरांच्या मुख्य लाइनवर ते एकमेकांत मिसळून जातात. बारा घरांच्या गल्लीत मात्र तासाची सरासरी खरा चढउतार झाकून टाकते. तिथे लॉगर मिनिटाला नोंद घेणारा हवा. झडप झटकन मिटल्याने उठणारा धक्का पकडायचा, तर सेकंदाला अनेक नोंदी लागतात.

आणि लॉगर लावण्यापूर्वी चावीवाल्याबरोबर एक पहाट काढावी. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कोणत्या गल्लीचा फोन आला की तो अर्धा आटा आणखी फिरवतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. मॉडेलमध्ये मात्र तो व्हॉल्व्ह बहुधा पूर्ण उघडाच दाखवलेला असतो.