सुई, धूर आणि थंड पेयाची बाटली

आमचा भाचा सुट्टीला पुण्याहून मीरा रोडला आला, तो रिमोटची गाडी बगलेत घेऊनच. बॅटरीची नव्हे, नायट्रोवर चालणारी, खऱ्या इंजिनाची. इंजिन मुठीत मावेल एवढं, पण आवाज मोटारसायकलचा. इमारतीखाली सुरू करताच वॉचमन धावत आला. म्हणून रविवारी फज्रनंतर मुलांना घेऊन आम्ही भाईंदर-उत्तनमार्गे गोराई गाठलं. मुलांना किनारा हवा होता. पण रेती इंजिनात शिरली की खेळ खलास, आणि पॅगोड्यात मौन धरून बसलेल्यांनी आपलं काय घोडं मारलंय? दोन्हींपासून लांब एक टणक, मोकळं मैदान पाहिलं.

गाडी सुसाट सुटली. दोन मिनिटांत किंचाळत बंद पडली. धूर जवळजवळ नव्हताच. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो तडतडून उडाला.

"मामू, सुई अजून थोडी आवळू? आणखी पळेल!"

पळेल, आणि मरेलही. मुलांना इथेच थांबवावं लागतं. सुई आवळली की इंधन कमी, हवा जास्त. वेग वाढतो, पण इंजिन तापतं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. ते मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेनमध्येच मिसळलेलं असतं. इंधन तोडलं की वंगणही तुटतं, मग पिस्टन कोरडा घासला जातो.

पण पुण्यात नीट चालणारी गाडी इथे का रुसली? पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. तिथली हवा विरळ, म्हणून तिला इंधनही कमी लागतं. गोराईला समुद्राच्या कडेला हवा दाट, पण सुई पुण्याच्याच हिशेबाची. दमट हवा थोडा उलटा परिणाम करते, पण उंचीचा फरक तिला भारी पडतो.

इंजिन थंड होऊ दिलं. मोठ्या वेगाची सुई अष्टमांश फेरी सैल केली, गाडी पळवून पाहिली, पुन्हा अष्टमांश. एका वेळी त्याहून जास्त नाही. मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसू लागली आणि थेंबही आता उडण्याऐवजी सावकाश उकळून आटला. मग कमी वेगाची सुई. गरम इंजिन संथ चालू असताना इंधनाची नळी बोटांनी चिमटली. आवाज जरासा चढून दोन-तीन सेकंदांत बंद पडला, म्हणजे बरोबर. लगेच मेलं असतं तर इंधन कमी, बराच वेळ घरघरलं असतं तर जास्त. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

एवढ्यात आमच्या धाकटीला तहान लागली. तिने भाच्याच्या पिशवीतून थंड पेयाची बाटली काढली. आत गुलाबी पाणी. झाकण अर्धं फिरलं होतं.

इंधन होतं ते. डबा जड म्हणून भाच्याने थोडं बाटलीत ओतून आणलेलं. आम्ही बाटली हिसकावलीच. मुलगी रडली, भाच्याचा चेहरा पडला. इथून फार लांब नसलेल्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने 100 हून अधिक माणसं दगावली, ती याच मेथॅनॉलने. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीवही. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. हे तिथेच मुलांना सांगितलं, रागावून नव्हे, पण आवाज कापत होता.

निघण्यापूर्वी टाकीतलं उरलेलं इंधन जाळून संपवलं. मेथॅनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि आत गंज धरतो. इंजिनात तेलाचे थेंब सोडले आणि हात साबणाने धुतले. इंधन आता मूळ डब्यात, वरच्या कुलूपबंद कपाटात आहे. भाच्याच्या वहीत आम्ही लिहून दिलं: "गोराईला दोन अष्टमांश सैल. पुण्याला गेल्यावर जपून आवळणे, धूर बघून."