१२८ लाइनींची पेटी आणि इतिहासाचे मौन

भारतीय दूरध्वनीच्या इतिहासात १८८२ सालचे मुंबईचे एक्स्चेंज येते, पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथही येतो. कचेरी, कारखाना वा रुग्णालयाच्या आतले खासगी एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, मात्र तळटीपेतही सापडत नाही. ही उपेक्षा अनाठायी आहे.

कळंबच्या परिसरात एखाद्या साखर कारखान्यासाठी असे एक्स्चेंज उभारायचे आहे, असे समजू. फाटक, वजनकाटा, प्रयोगशाळा, शेतकी विभाग, अध्यक्षांचे दालन. एक्स्टेंशन शंभर; पण दूरसंचार खात्याकडून मिळालेल्या बाहेरच्या लाइनी मोजक्याच. किती लाइनी पुरतील? वर्षाची सरासरी इथे फसवते. हिशेब करावा लागतो तो गळीत हंगामातील सर्वाधिक गर्दीच्या तासाचा. हे गणित डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले; फोनवरची वर्दळ आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात.

या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत देशाने मोजली आहे. १९६० च्या दशकात बेल्जियममधील कंपनीचे क्रॉसबार तंत्र आणले गेले. ते जिथे घडले, तिथे एका फोनवर थोडेच कॉल होत. इथे एकेका फोनवर सारी आळी विसंबून होती! यंत्रणा त्या भाराखाली अडखळली.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाले. मुदत ३६ महिने, खर्च ३६ कोटी रुपये. या संस्थेच्या आरंभीच्या निर्मितीत संस्थांसाठीचे १२८ लाइनींचे खासगी एक्स्चेंज होते आणि तेवढ्याच क्षमतेचे ग्रामीण एक्स्चेंजही. दुसरे जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलनावाचून चालणारे हे यंत्र गौरवास पात्रच होते. पण गौरवाच्या गर्दीत त्याचे कचेरीतले भावंड विस्मरणात गेले.

या कथेचे श्रेय बहुधा एकट्या सॅम पित्रोदांना दिले जाते. वस्तुतः मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याआधीच लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक स्विचवर काम झाले होते आणि तिथले एम. व्ही. पिटके सी-डॉटच्या उभारणीत अग्रभागी होते. कळंबहून नारायणगावकडे गेल्यास खोडदला त्याच संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण दिसते. तिच्या ३० अँटेना पाहायला सहली जातात. त्याच संस्थेने टेलिफोनसाठी काय केले, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

अभ्यासकांनी आणखी एका साधनाकडे वळावे: संस्थांच्या जुन्या एक्स्टेंशन याद्या. शून्य फिरवून बाहेरची लाइन कोणाला मिळे, एसटीडी कोणाला खुले होते, कोणाला प्रत्येक कॉलसाठी ऑपरेटरची विनवणी करावी लागे, हे त्या कागदांवर स्पष्ट नोंदलेले असते. संस्थेतील अधिकाराची उतरंड इतक्या प्रांजळपणे वार्षिक अहवालात कधीच उमटत नाही. नवी यंत्रणा बसली की जुनी पेटी भंगारात जाते, आणि तिच्या दारामागे चिकटवलेली यादीही तिच्यासोबतच जाते.