दोघांत एक खोली

मराठी विभागांतल्या गप्पांत आणि चर्चासत्रांच्या जेवणाच्या सुटीत एक जोडपे वारंवार थट्टेसाठी उभे केले जाते. तो निवृत्त बँक अधिकारी किंवा मुख्याध्यापक, ती त्याच्यासोबत पांढऱ्या बुटांत आणि नव्याने अंगवळणी पडलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये. दोघांच्या गळ्यात सहल कंपनीचे ओळखपत्र, डोक्यावर एकाच रंगाची टोपी. हे जोडपे युंगफ्राउच्या बर्फात उभे राहून वरण-भात कधी मिळेल असे विचारते, अकरा दिवसांत पाच देश 'करते' आणि परतल्यावर आल्यागेल्याला चारशे छायाचित्रे दाखवते. या वर्णनाला 'प्रवासी' आणि 'पर्यटक' यांच्यातील भेद सांगणारे एखादे वाक्य जोडले की थट्टेला समीक्षेचा दर्जा मिळतो. आमच्या मते ही थट्टा म्हणजे चुकीचे वाचन आहे. आणि ज्यांचा व्यवसायच वाचायला शिकवण्याचा आहे त्यांच्याकडून ते व्हावे, हे अधिक खटकते.

वरण-भाताचेच घ्या. परक्या देशात जाऊन घरचे अन्न मागणे हा कूपमंडूकपणा, असा आरोप होतो. आरोप करणारा ताटातले पदार्थ पाहतो. ते ताट कोणी वाढले आहे हे पाहत नाही. चाळीस वर्षे रोज पोळ्या लाटलेल्या बाईला दुसऱ्या कोणी लाटलेली पोळी गरम मिळते, आणि जेवण झाल्यावर ती ताट तसेच ठेवून उठते. भारत सरकारच्या २०१९ सालच्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. नवरा अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. या २९९ मिनिटांना निवृत्तीचे वय नाही. उलट नवरा दिवसभर घरी राहू लागला की चहाच्या खेपा वाढतात. अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय' या नाटकातल्या आईला आपली निवृत्ती स्वतःच जाहीर करावी लागते, ती याचसाठी. सहलीचे अकरा दिवस हे अशा असंख्य बायकांच्या आयुष्यातले पहिले आयते अकरा दिवस असतात. हे आयतेपण आल्प्सपेक्षा मोठे दृश्य आहे. ते ज्याला दिसत नाही, त्याने 'पाहण्या'वर व्याख्यान देऊ नये.

हे दिसत नाही याचे एक कारण आमच्या साहित्याने घडवलेली नजर आहे. वृद्ध दांपत्य म्हटले की मराठी वाचकापुढे दोन चित्रे येतात. एक १९७० सालच्या 'नटसम्राट'मधले: सर्वस्व वाटून टाकून मुलाच्या घरून मुलीच्या घरी आणि तिथून रस्त्यावर आलेले अप्पा बेलवलकर आणि कावेरी. दुसरे जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधले: मुलांच्या पत्राची, येण्याची, आवाजाची वाट पाहणारे नाना आणि नानी. दोन्ही नाटके मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नंतरच्यांशी. या दोन नाटकांचा पुढे साचा झाला. २००३ सालच्या हिंदी 'बागबान'पर्यंत आणि त्यानंतरच्या दूरचित्रवाणी मालिकांपर्यंत म्हातारे जोडपे म्हणजे एक तर टाकलेले, नाही तर वाट पाहणारे. त्याला स्वतःची इच्छा नाही, बेत नाही, बँकेत मुदत ठेव नाही. प्रत्यक्षात आज पुण्या-ठाण्यातली किंवा नाशिक-सांगलीतली पुष्कळ नाना-नानी लेहला गेलेली असतात, त्यांचा फोन लागत नाही, आणि न्यू जर्सीतला मुलगा अस्वस्थ होऊन शेजाऱ्यांना विचारतो. नाटककारांनी खरे तर या उलटापालटीवर झडप घालायला हवी होती. अजून कोणी घातलेली दिसत नाही.

जुन्या परंपरेत निवृत्तीनंतरच्या प्रवासाला जागा नव्हती असे नाही, पण ती जागा कोणाची होती हे पाहावे. मनुस्मृतीतला वानप्रस्थी वनात निघतो तो पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून किंवा तिला बरोबर घेऊन. निवड त्याची, ती म्हणजे सामान. काशीयात्रा उतारवयात करायची, ती निरवानिरव करूनच, कारण परत येण्याची खात्री नसे. म्हणून परतणाऱ्याचे अप्रूप मोठे. त्याच्या घरी मावंदे होई, गंगापूजन होई, गाव जेवे. घर सोडण्याइतकेच घरी परतणे हाही एक विधी होता. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास' (प्रसिद्धी १९०७) आपण अभ्यासक्रमात बंडाच्या साक्षीसाठी वाचतो. पण त्या पुस्तकाला एक घरगुती कणाही आहे. मुलगा कर्ज फेडायला म्हणून बाहेर पडतो, जीव वाचवत हिंडतो आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी येतो, आईवडिलांसाठी. म्हातारी माणसे घरी, प्रवास तरुणाचा, आणि तीर्थ उंबऱ्यापर्यंत आणलेले. दीडशे वर्षांत ही मांडणी पूर्ण फिरली. आज प्रवास म्हाताऱ्यांचा आहे आणि चुंबकाची शोभेची चकती लेकासुनेच्या शीतकपाटावर लागते.

वारी तर शब्दशः येणे-जाणे. वारकऱ्याला घर सोडायचे नसते, परतायचे असते आणि पुन्हा निघायचे असते. आजच्या निवृत्त जोडप्याच्या वर्षाची लय वानप्रस्थापेक्षा वारीला अधिक जवळची आहे. (भक्ती कुठे आहे, असे कोणी विचारील. भक्तीची तुलना आम्ही करत नाही आहोत, लयीची करतो आहोत.)

आता प्रवासवर्णनाकडे वळू, कारण खरा दोष तिथे आहे आणि तो थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानातही आलेला नाही. निवृत्त माणसे प्रवास करून आली की लिहितात. स्वखर्चाने तीन-चारशे प्रती छापतात, आप्तांना वाटतात, ग्रंथालयांना भेट देतात. यांतली बहुसंख्य पुस्तके वाईट असतात हे आम्ही निःसंकोच म्हणतो. आयफेल मनोऱ्याची उंची, विमानतळाची भव्यता, तिथली स्वच्छता आणि आपल्याकडची अस्वच्छता, एवढ्यात पाने संपतात. पण ती वाईट का होतात? ही माणसे अनुभवशून्य नाहीत. त्यांच्यापुढे प्रवासवर्णनाचा जो नमुना आहे त्यात घराला जागाच नाही, हे त्याचे कारण. घर सोडले तिथे पुस्तक सुरू होते आणि मुंबईच्या विमानतळावर उतरले की संपते. आणि ज्या व्यक्तीबरोबर खोली, बस, पासपोर्टांची पिशवी आणि पथ्यपाणी वाटून घेतले ती 'सौ.' किंवा 'आमची ही' एवढ्यावर आटोपते.

पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) तरी दोघे होते. ते दोघे तरुण होते, निवृत्त नव्हते. पण सहप्रवास हा त्या पुस्तकाच्या आनंदाचा भाग होता. आणि त्याच संसाराची दुसरी बाजू वाचायला मराठी वाचकाला १९९० सालच्या सुनीताबाईंच्या 'आहे मनोहर तरी'पर्यंत थांबावे लागले. ही दोन पुस्तके एका तासाला शेजारी ठेवून वाचवली जातात का? आम्हांस शंका आहे. प्रवासवर्णन म्हणजे निसर्ग, शैली, विनोद, आणि आत्मचरित्र म्हणजे प्रामाणिकपणा, अशी खाती पाडून आपण मोकळे होतो. जोडप्याने केलेल्या प्रवासात एकाने पाहिलेले आणि दुसऱ्याने सांभाळलेले असे दोन प्रवास असतात, हे सांगायला त्या खात्यांत रकाना नाही.

म्हणून परतीकडे पाहावे. दोन आठवडे बंद असलेल्या घराला एक वास येतो. तुळस शेजारच्या वहिनींनी जगवलेली असते किंवा नसते. निघताना काही घरांत देव तांदळात ठेवतात. ते बाहेर काढायचे असतात. दूधवाल्याला, पेपरवाल्याला कळवायचे, सिलिंडरचा नॉब उघडायचा. पहिल्याच रात्री मुगाची खिचडी कोण टाकते आणि त्याच वेळी छायाचित्रे संगणकावर कोण चढवत बसते, एवढ्यावरून त्या संसाराची चाळीस वर्षे वाचता येतात. कधी कधी, आणि हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे, परतल्यावर ती बाई दोन दिवस डबा लावते. सहलीआधी असे झाले नव्हते. नवऱ्याला ते थकव्याचे लक्षण वाटते. कादंबरीकाराला काय वाटले असते?

आणि मग नोव्हेंबर येतो. पेन्शनर कुठेही असो, दरवर्षी नोव्हेंबरात त्याने हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही अंगठ्याच्या ठशावर चालणारी सोय झाली, तरी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्याची पाळी चुकत नाही. दिवाळीनंतरची सहल या तारखा पाहून ठरते. ज्याने आयुष्यभर चार वर्षांच्या गटात 'स्वग्राम' आणि 'महाराष्ट्र दर्शन' अशा दोन सवलतींत आपला प्रवास मोजला, त्याला घर आणि फिरणे यांची विभागणी शासनानेच शिकवली होती. आता शासन फक्त श्वास मोजते. यात विनोदही आहे आणि भयही, आणि दोन्हीला हात न लावता आपण टोपीच्या रंगावर हसतो आहोत.

सगळाच प्रवास रंजनाचा नसतो, हेही कबूल केले पाहिजे. 'अमेरिकेला सहा महिने' या शब्दप्रयोगात बहुधा बाळंतपण दडलेले असते. शिक्का पर्यटकाचा, काम दाईचे आणि आचाऱ्याचे. मधल्या एका शनिवार-रविवारी नायगारा. परतल्यावर सांगितला जातो तो नायगारा. येथेही आजोबांना फिरणे बागेपर्यंतचे का होईना मिळते, आजीला नवे स्वयंपाकघर मिळते.

थट्टेच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती उघड बोललेली बरी. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू झाली नाही. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, पुढे सुधारित योजनांचे पर्याय मांडले गेले. खासगी क्षेत्रातल्या कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती महिना १००० रुपये. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाकाळात थांबवली गेली. गाड्या सुरळीत झाल्या, सवलत परतली नाही. म्हणजे टोप्या घालून हिंडणारे हे जोडपे एका विशिष्ट पिढीचे, विशिष्ट पगारपत्रकाचे अपत्य आहे. केसरी १९८४ साली निघाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. त्या तीन-चार दशकांत पेन्शन, विकलेली जमीन, परदेशी गेलेली मुले आणि स्वस्त झालेले विमान यांनी मिळून हा माणूस घडवला. तासिका तत्त्वावर शिकवणारा आमचा तरुण मित्र जेव्हा या जोडप्याला हसतो, तेव्हा त्याच्या हसण्यात रास्त राग असतो. त्याला वर्षाचा पगार बारा महिन्यांचा मिळत नाही, पेन्शनचे तर सोडाच. तो राग त्याने रागाच्या नावाने मांडावा, शासनाच्या दारात मांडावा. अभिरुचीचा बुरखा घालून तो सत्तर वर्षांच्या बाईच्या पांढऱ्या बुटांवर काढू नये.

शिवाय ही पिढी विरत चालली आहे, आणि ती विरते कशी हेही त्या थट्टेखोरांनी पाहावे. सहलींच्या जाहिरातीतला दर नेहमी माणशी असतो, आणि तो दोघांत एक खोली धरून काढलेला असतो. दांपत्य हे या व्यवसायाचे एकक आहे. दोघांतले एक गेले की उरलेल्याने एक तर अनोळखी व्यक्तीबरोबर खोली वाटायची किंवा एकट्याच्या खोलीचा जादा आकार भरायचा. नवऱ्यामागे बायकोला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, वाढीव दराची मुदत संपली की, शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के होते; त्याला मिळत होते ते पन्नास टक्के. उत्पन्न पन्नासाचे तीस आणि खोली महाग, असा तो हिशेब आहे. तरीही आमच्या पाहण्यात तरी असे आहे की एकटे उरलेले पुरुष घरी बसतात आणि एकट्या उरलेल्या बायका वर्षश्राद्ध झाले की चौकशीला जातात. केवळ स्त्रियांसाठीच्या सहलींत त्यांना खोलीला जोडीदारीण मिळते. अर्ज भरताना त्या एकच गोष्ट आवर्जून विचारतात: खोलीतल्या दुसऱ्या बाई घोरतात का.