काचेमागचे डोळे

संसदेच्या आवारात इकडे-तिकडे विखुरलेले थोरामोठ्यांचे पुतळे २०२४ च्या जूनमध्ये एकत्र आणले आणि त्या जागेला ‘प्रेरणास्थळ’ असं नाव दिलं. त्यातले दोन पुतळे मला विचारात पाडतात. बाबासाहेबांना चष्मा आहे, गांधीजींना नाही. दोन गोल आणि एक काठी काढली की शाळकरी पोरसुद्धा ज्यांना ओळखतं, ते गांधीजी देशाच्या सर्वांत मोठ्या सभागृहासमोर मात्र चष्म्याविना बसले आहेत.

हे गांधीजी घडवले राम सुतारांनी. गाव गोंदूर, जिल्हा धुळे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून १९५९ साली ते सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले. पुढे नोकरी सोडली, दिल्ली नाही सोडली. शेजारच्याच नोएडात कार्यशाळा थाटली आणि सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यापर्यंत मजल मारली. संसदेतले सोळा फुटी गांधीजी २ ऑक्टोबर १९९३ ला बसवले गेले. ध्यानस्थ बैठक, मिटलेले डोळे. मिटल्या डोळ्यांना चष्मा कशाला, हे त्याचं सरळ उत्तर. शिवाय शिल्पकाराची म्हणून एक अडचण असतेच. ब्राँझमध्ये काच ओतता येत नाही. डोळ्यांभोवती नुसती कडी उरतात आणि उन्हात त्या कड्यांची सावली नेमकी नजरेवर पडते. बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा, १९६७ सालचा. त्यांनी ही जोखीम पत्करली. हातात राज्यघटना, पुढे रोखलेलं बोट आणि डोळ्यांवर चष्मा. यातलं एक जरी काढलं तरी ते बाबासाहेब वाटणार नाहीत.

गंमत अशी की हा गोल चष्मा कुणी हौसेने निवडलेलाच नव्हता. गांधी, आंबेडकर, सुभाषबाबू आणि ज्यांचं तैलचित्र २००३ पासून मध्यवर्ती सभागृहात आहे ते सावरकर. यांची मतं एकमेकांशी किती जुळली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चौघांच्या चष्म्यांचा घाट एकच. कारण साधं होतं. गोल काच घासायला सोपी, गोल कड्यात बसवायला सोपी. त्या काळात चष्मेवाल्याकडे जे मिळायचं ते हेच. पुढे जॉन लेननने डोळ्यांवर चढवला तोही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मिळणाऱ्या स्वस्त गोल चष्म्यांच्याच जातीचा. एव्हिएटर गॉगलची गोष्ट वेगळी. वैमानिकांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून तो बनला, जनरल मॅकआर्थरच्या युद्धकाळातल्या छायाचित्रांनी गाजला आणि १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटानंतर ज्यांनी विमान फक्त आकाशात पाहिलं होतं त्यांच्याही नाकावर बसला. त्यात आधी ऐट, मग माणूस. गोल चष्म्याच्या बाबतीत माणूस आधी मोठा झाला.

पण माणूस मोठा झाला की त्याचा चष्मा त्याच्यापासून सोडवून घेता येतो, आणि गांधीजींचं तेच झालं. २ ऑक्टोबर २०१४ ला राजपथावरून स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्याचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’, मधल्या दांडीवर तिरंगा. चित्रकाराच्या नजरेने पाहाल तर कल्पना अव्वल आहे. चेहरा न काढता माणूस उभा करणं सोपं नव्हे. २०१६ पासून तो चष्मा नोटांच्या मागच्या बाजूलाही आला. म्हणजे आता नोटेच्या एका अंगाला गांधीजी आणि दुसऱ्या अंगाला त्यांचा चष्मा. चिन्ह कितीही चांगलं असलं तरी त्या काचांमागे डोळे नाहीत, आणि म्हणूनच ते सोयीचं आहे. त्या चष्म्यासमोर कुणालाच नजर खाली घालावी लागत नाही.

डोळ्यांपासून सुटलेल्या चष्म्याचा लिलावही करता येतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी-ताट असा संच विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरला घेतला. २०२० मध्ये ब्रिस्टलला एक चष्मा दोन लाख साठ हजार पौंडांना गेला. याच्या उलट दिल्लीत तीस जानेवारी मार्गावरच्या गांधी स्मृतीत जाऊन पाहावं. तिथल्या खोलीत चष्मा, काठी, काटा-चमचा आणि साबणाऐवजी वापरायचा खडबडीत दगड आहे. दगडाशेजारी ठेवला की चष्मा पुन्हा वापरायची वस्तू होतो.

बाबासाहेबांचा चष्मा असा सुटत नाही, याचं कारण मला ते शेवटी राहिले त्या दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडवर सापडतं. तिथे आता पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. मधुमेहाने थकलेला हा माणूस ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेवर काम करत होता. दुसरी सकाळ त्यांनी पाहिली नाही. अशा माणसाच्या डोळ्यांवरचा चष्मा ही ओळख नसते, ती कामाची खूण असते. दरवर्षी १४ एप्रिलला संसद मार्गावर जी गर्दी लोटते, तिथे तसबिरींच्या शेजारीच पुस्तकांचे ढीग असतात. तसबिरीत चष्मा असतो तो वाचणाऱ्याचा म्हणून. ज्यांच्या आज्यापणज्यांना अक्षराला हात लावू दिला नव्हता, त्यांना तो चष्मा कुठल्या शैलीचा आहे याच्याशी काही घेणं नाही.

शैली विचारली जाते ती बाजारात. बल्लीमारान हा दिल्लीतला चष्म्यांचा ठोक बाजार. गालिबची हवेलीही त्याच वस्तीत, गली कासिम जानमध्ये. दुकानांत ढिगाने फ्रेमा टांगलेल्या असतात आणि कॉलेजची पोरं सरळ ‘गांधीवाला गोल’ मागतात. ती मागणी मला खटकत नाही. गुरुग्राममधल्या कंपन्या सिनेनटांची नावं लावून फ्रेमा विकतात, त्यापेक्षा हे बरं. फक्त दुकानदार पुढचा प्रश्न विचारतो तो महत्त्वाचा : ‘नंबर का, या प्लेन?’ प्लेन काचेतून तसं सगळंच स्वच्छ दिसतं, कारण ती काहीच बदलत नाही. आपण थोरांचे चष्मे मिरवतो ते बहुधा प्लेनच असतात. त्यांचा नंबर लावून बघायचा तर आधी आपल्याला नीट दिसत नाही हे मान्य करावं लागतं, आणि पहिले काही दिवस डोकं दुखतं.