धरणीचे मडके

वाचकहो, कोकणात आमच्या आया-आज्या कुंभाराकडून मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहत. खणखणीत नाद आला तर मडके पक्के. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे असे समजावे. आत काय आहे ते पाहण्यासाठी मडके फोडण्याचे कारण पडत नसे. पृथ्वीच्या अंतरंगाचा ठावही मनुष्याने नेमका याच रीतीने घेतला, हे आज आम्ही सांगू इच्छितो.

पृथ्वीच्या पृष्ठापासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६३७१ किलोमीटर. रशियातील कोला द्वीपकल्पात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खणलेले छिद्र १९८९ साली सुमारे सव्वाबारा किलोमीटरांवर पोहोचले आणि त्याहून खोल गेले नाही. म्हणजे धरणीच्या मडक्याला केवळ ओरखडा उठला! मात्र हे मडके वाजवण्याचे काम भूकंप स्वतःच करतो.

भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून धावतात. पहिली वेगवान. इंजिनाचा धक्का आगगाडीच्या एका डब्यातून दुसऱ्यात जावा, तशी ती दाबत-ढकलत पुढे सरकते आणि घन व द्रव दोहोंतून जाते. दुसरी दोर हलवल्यासारखी आडवी डोलत जाते. तिची चाल मंद, आणि द्रवातून तिला मुळीच वाट मिळत नाही.

या विद्येचा एक धागा भारतातून निघतो. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास करताना दूरदेशीच्या यंत्रांवरील नोंदींत या लहरी निरनिराळ्या ओळखल्या. पुढे १९०६ साली त्यांनी दाखवून दिले की, पृथ्वीच्या पोटात लहरींची गती मंदावणारा एक निराळा गाभा आहे. बेनो गुटेनबर्ग यांनी १९१३ च्या सुमारास त्याची सीमा २९०० किलोमीटर खोलीवर ठरवली, आणि १९२६ साली हॅरल्ड जेफ्रीज यांनी तो द्रवरूप असल्याचे प्रतिपादन केले.

परंतु कोडे संपले नव्हते. गाभ्याच्या आडोशामुळे पृथ्वीच्या ज्या पट्ट्यात पहिली लहर पोहोचू नये, तेथेही तिच्या क्षीण नोंदी सापडत. डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीने १९२९ सालच्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदी चिकाटीने तपासल्या आणि १९३६ साली निष्कर्ष मांडला: द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, आणि त्याच्यावरून या लहरी परावृत्त होतात. तो घन आहे, हे पुढे सिद्ध झाले. ज्या स्थळी कोणाचे पाऊल कधी पडणार नाही, त्याचा पत्ता कागदावरील वाकड्यातिकड्या रेषांनी दिला!

हे ज्ञान निव्वळ पुस्तकी नव्हे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. आज आपण राहतो ती भूमीही यार्देनच्या खोऱ्यातील मोठ्या भेगेशेजारी आहे. ११ जुलै १९२७ च्या भूकंपाने यरुशलेम, नाबलुस, लोद व रामले येथे घरे पाडली. २०२२ पासून इस्रायलात पूर्वसूचनेची यंत्रणा कार्यरत झाली, ती याच दोन लहरींच्या शर्यतीवर उभी आहे. भूपृष्ठाजवळ पहिली लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. सत्तर किलोमीटरांवर दोहोंत जेमतेम ८ सेकंदांचे अंतर पडते. भूकंप पायाखालीच झाला तर तेवढेही नाही.

आठ सेकंदांत विचार होत नाही. आधी केलेला विचार मात्र उपयोगी पडतो. उघड्या जागी कोणत्या वाटेने जायचे, आजीचा हात कोणी धरायचा, हे प्रत्येक घराने आजच ठरवावे. धरणी बोलते ते ऐकण्याची विद्या थोरांनी आपल्या हाती दिली आहे. ऐकून वेळीच उठणे तेवढे आपल्याकडे उरले आहे.