दंड की भाडे?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या निवासी विभागात मी राहतो. मध्यरात्र उलटली की जवळच्या एका कारखान्याचे यंत्र घरघरू लागते, पाठोपाठ उग्र दर्प येतो, आणि भर उन्हाळ्यातही खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तक्रार करावी तर उत्तर ठरलेले : "कारखाने आधीचे; तुम्ही येथे राहावयास आलातच कशाला?" खेदाची गोष्ट ही, की आपले काही साथीही हेच उत्तर देतात. तक्रारी वाढल्या तर कारखाना बंद पडेल आणि कामगार रस्त्यावर येईल, ही भीती त्यांना वाटते.

ही भीती मालकाच्या सोयीची आहे. येथील निवासी विभाग औद्योगिक विकास महामंडळानेच आखलेला असल्याने 'आधी कोण' हा वाद निरर्थक ठरतो. प्रश्न आहे तो खर्च कोणी सोसावयाचा, हा. पिगू यांनी १९२० साली आणि विल्यम काप यांनी १९५० साली दाखवून दिले, की जो खर्च मालकाच्या हिशेबवहीत दिसत नाही तो नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावे पडतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीची मर्यादा निवासी क्षेत्रात ४५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रात ७० डेसिबल आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते; म्हणजे कुंपणाच्या दोन बाजूंच्या मर्यादांत तीनशे पटींहून अधिक अंतर पडते. कुंपण आवाजाला अडवीत नाही. त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. आवाज व धूर रोखणाऱ्या यंत्रणेपेक्षा दंड स्वस्त पडला, तर तो दंड कसला? आमची हवा आणि आमची झोप वापरण्याचे ते भाडे झाले. आणि तेही आमच्या हाती पडत नाही!

या गोंगाटाचा पहिला बळी यंत्रापाशी उभा असलेला कामगारच असतो. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही व्यावसायिक रोगांत गणले होते. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये येथे भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा कामगार मेले, आणि दोन्ही वेळा भोवतालच्या घरांची तावदाने फुटली. कामगार आणि रहिवासी यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे यानंतर कोण म्हणेल?

म्हणून कामगार संघटना आणि रहिवासी यांनी एकत्र येऊन तीन मागण्या लावून धराव्यात. रात्रीची मोजणी दोघांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी. तिचे आकडे कारखान्याच्या फाटकावर मराठीत लावावेत. आणि सुधारणेसाठी काम थांबवावे लागल्यास त्या दिवसांचे पूर्ण वेतन मालकाने द्यावे. यांतील तिसरी मागणी कळीची आहे. वेतनाची हमी मिळाली, की कामगाराला शेजाऱ्याविरुद्ध उभे करण्याचे मालकाचे हत्यार बोथट होते. ती मागणी प्रथम आपल्या संघटनांनी उच्चारली पाहिजे.